यार्ड

पोर्ट ग्लासगोच्या चढावरच्या त्या घरात
मी मंगळवारी जाते, आणि शुक्रवारी.
फाइलीत लिहिलंय : गिलक्रिस्ट मॅकफेल, वय एक्याऐंशी,
मेंदूच्या डाव्या बाजूला झटका, उजवा हात निकामी,
भाषा गेलेली. शिल्लक : एक नाम.

यार्ड.

पहिल्या दिवशी मी चित्रांची कार्डं मांडली.
किटली. यार्ड.
कुत्रा. यार्ड.
छत्री दाखवली तर खिडकीकडे बघून फिस्सकन हसला,
यार्ड म्हणाला, म्हणजे बहुधा
या गावात छत्री? वाऱ्याला विचारलंस का, बाई?

इसोबेल स्वयंपाकघरातून भाषांतर करते.
"जहाजांचं यार्ड गं. चौतीस वर्षं वेल्डिंग केलं तिथं,
अजून झोपेत भोंगा ऐकून उठतो."
मी लिहून घेतलं. अर्थ पहिला.
आता तिथं सुपरमार्केट आहे,
एकात एक अडकवलेल्या ट्रॉल्या
रात्रभर वाऱ्यानं खुळखुळतात.

पुढच्या शुक्रवारचं यार्ड खालच्या सुरातलं होतं,
हनुवटी मागच्या दाराकडे.
मागं चार फरश्या, कपड्यांची दोरी
आणि पत्र्याखालच्या टबात लीक,
कांद्याचे ते लांबुळके भाऊबंद,
माना टाकलेले. पाणी घालायचं राहून गेलं होतं.
इसोबेलनं जीभ चावली.

सोमवारी त्याला आंघोळ घालायला वेरोना पिनॉक येते,
मूळची जमेकाची. तिनं एकदा तो शब्द ऐकला
आणि साबणाचे हात तसेच धरून उभी राहिली.
"आमच्यात यार्ड म्हणजे घर. आपला मुलूख.
म्हाताऱ्याला घरी जायचंय."
"घरातच तर आहे," इसोबेल म्हणाली.
वेरोनानं नळ सोडला. बोलली काही नाही.

टेकडीवरच्या चर्चयार्डात दोघांनी जागा घेऊन ठेवल्यात.
त्या शब्दाचा पुढचा अर्धा त्याला जमत नाही,
त्यामुळे तो विषय निघालाय की नाही
हे आम्हाला कधीच नक्की कळत नाही.

मग एका मंगळवारी त्यानं डावा हात लांब केला,
मान वळवली, आणि नाकापासून बोटाच्या टोकापर्यंत
हवेतलं कापड ताणून धरलं.
यार्ड.
"आईचं दुकान!" इसोबेल ओरडलीच.
"ग्रीनॉकच्या बाजारात उरलेल्या तुकड्यांचं. अशीच मोजायची!"
मी म्हटलं, आमच्याकडेही अस्संच मोजायचे,
नाकापासून, आणि मोजणाऱ्याचं नाक छोटं असलं
की गिऱ्हाईक भांडायचं.
आमच्या भाषेत याला म्हणतात वार.
कापडाचा तो वार. आज मंगळ, तोही वार.
तलवारीनं करतात तोसुद्धा.
शेवटचं मी हातानं करून दाखवलं.
तो थांबला. बोट उचललं,
कपाळाच्या डाव्या बाजूला टेकवलं.
यार्ड?
हो, म्हटलं. हाही.

त्या दिवशी कार्डं पिशवीतच राहिली.

दर महिन्याला फॉर्म भरावा लागतो :
रुग्ण किती शब्द वापरतो?
मी एक लिहिते, खोडते,
एकदा अकरा लिहिले तर वरून फोन आला.
आता पुन्हा एक लिहिते.

काल निघताना दारातून त्यानं हाक मारली.
यार्ड. आधी वर चढवून, मग हळूच खाली ठेवल्यासारखं.
इसोबेलकडे पाहिलं. तिनं खांदे उडवले,
पंचावन्न वर्षांत हे ऐकलं नव्हतं तिनं.
जहाज नव्हे, लीक नव्हे, आई नव्हे.

परतीच्या बसमध्ये मी ते तसंच म्हणून पाहिलं,
वर चढवून, मग खाली ठेवून,
जरा मोठ्यानं म्हटलं गेलं असावं.
समोरच्या बाईनं आपली पिशवी मांडीवर घेतली
आणि शेजारची जागा मोकळी केली.